मशीन बारा तास, बाकीचं घरात
(किडनीच्या आजारपणावर वाचकांचे प्रश्न, अक्काची उत्तरं)

मागच्या अंकात मी सहज बोलून गेले होते की किडनीच्या पेशंटचं निम्म्याहून जास्त नर्सिंग हॉस्पिटलात होतच नाही, ते घरात होतं, आणि त्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी यावेळचं सगळं सदर यालाच देऊन टाकलं. हिशोब साधा आहे. आठवड्याचे तास १६८, डायलिसिस, म्हणजे किडनीच्या ऐवजी मशीननं रक्त साफ करणं, आठवड्याला तीनदा आणि एका वेळेला चार तास धरलं तर झाले १२. उरलेले १५६ तास पेशंट तुमच्याजवळ असतो, सिस्टरजवळ नाही. मी बरीच वर्षं डायलिसिस वॉर्डात काढली पण मी नर्स, डॉक्टर नव्हे, त्यामुळं गोळीचा डोस मला विचारू नका, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचा. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : अक्का, आमचे मामंजी ६४ वर्षांचे आहेत, शेती केलेला माणूस. पाच महिने झाले आठवड्याला तीनदा डायलिसिस चालू आहे. पाणी कमी प्या म्हटलं की भांडण. आम्ही माठ उचलून माडीवर ठेवला तर परड्यातल्या नळाला तोंड लावून पितात. पुढच्या डायलिसिसपर्यंत चार-चार किलो वजन वाढतंय, पाय सुजतात, रात्री आडवं पडलं की दम लागतोय, आणि सिस्टर मलाच बोलतात. मी काय करू? – एक सून, येळ्ळूर

उत्तर : पहिलं काम म्हणजे तो माठ खाली आणा. ज्या माणसानं आयुष्यभर शेताला पाणी पाजलं त्याच्यापुढनं पाणी लपवायचं म्हणजे त्याला घरातला चोर केल्यासारखं आहे, आणि चोर केला की माणूस चोरीच करणार की. दम लागतोय ते मात्र येत्या डायलिसिसला डॉक्टरांच्या कानावर घालाच, आणि बसूनसुद्धा दम लागायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच रात्री घेऊन जा, कारण ते पाणी फुप्फुसात चढायला लागल्याचं लक्षण असतं.

आता तहान. तुम्ही पाण्याच्या मागं लागलाय पण मूळ मिठात आहे. मीठ पोटात गेलं की शरीर पाणी मागणारच, तिथं इच्छाशक्ती वगैरे काही चालत नाही. दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात आमटी, भाकरी, चटणी, सगळं आलं. आपल्याकडं भाकरीच्या पिठात मीठ, भातात मीठ, वर लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, आणि रविवारी सुकट. एवढं खाऊन पाणी पिऊ नका म्हणायचं हे काही बरोबर नाही. भातातलं आणि भाकरीतलं मीठ आजपासून बंद करा, घरातल्या सगळ्यांचंच करा, एकट्याचं वेगळं पातेलं मांडलं की माणूस जेवायचा सोडतो. आमटीला आमसूल, लिंबू, मिरपूड, लसूण यांनी चव आणता येते, दोन आठवड्यांत जिभेला सवय लागते. एक मात्र लक्षात ठेवा, दुकानात ते 'लो सोडियम' मीठ मिळतं ते घ्यायचं नाही, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि किडनीच्या माणसाला ते जास्त घातक. मामंजींना शुगर असेल आणि ती वाढलेली असेल तर तीही तहान लावते, ते एकदा बघून घ्या.

किती पाणी चालेल याचा ढोबळ हिशोब असा, चोवीस तासात जेवढी लघवी होते ती मोजायची आणि त्यात अर्धा लिटर मिळवायचा. समजा ३०० मिली लघवी होते, तर दिवसाचं सगळं मिळून ८०० मिली. सगळं म्हणजे चहा, ताक, पेज, आंबील, आमटीचा रस्सा, गोळीबरोबरचा घोट, सगळंच. वजनाचं म्हणाल तर दोन डायलिसिसच्या मधे वाढलेला एक किलो म्हणजे एक लिटर पाणीच, समजा ५८ किलोचा माणूस असेल, तर त्याला दोन, फार तर अडीच किलोच्या पुढं जाऊ नये. चार म्हणजे फार झालं, तेवढं चार तासात ओढलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात, आणि मग तो घरी येऊन दिवसभर पडून राहतो, तुम्हाला वाटतं डायलिसिसमुळं झालं.

एक युक्ती सांगते, माझ्या एका पेशंटनंच काढलेली. ते पण शेतकरी. सकाळी उठून बाटलीत मापाचं ८०० मिली पाणी भरून ठेवायचे आणि दिवसात कपभर चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतनं तुळशीला ओतायचे, वाटीभर आमटी खाल्ली की वाटीभर ओतायचे. बाटलीत उरलं ते त्यांचं. मला म्हणायचे, सिस्टर, हे पाळीच्या पाण्यासारखं आहे, कॅनॉलला पाणी सुटलं तेवढंच शेत भिजणार, शेजाऱ्याशी भांडून वाढत नाही. बाटली मामंजींच्या हातात द्या, मोजमाप त्यांनाच करू दे. तोंड कोरडं पडलं की चूळ भरून थुंकायची, लिंबाची फोड चोखायची, बर्फाचा एखादा खडा चालतो पण तोही मापात धरायचा. आणि मोठ्या तांब्याऐवजी छोटी वाटी, गोळ्या शक्यतो जेवणातल्याच पाण्याबरोबर.

सिस्टर तुम्हाला बोलतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, वाईट वाटणारच. पुढच्या वेळी हीच बाटली त्यांना दाखवा.

प्रश्न : वडिलांना १८ वर्षं डायबेटिस आहे, आता डॉक्टर किडनी पाचातल्या चौथ्या स्टेजला आहे म्हणतात, डायलिसिस अजून नाही. पण एक चांगली गोष्ट म्हणजे शुगर एकदम कंट्रोलमधे आली आहे, आधी २५० च्या खाली येत नव्हती, आता सकाळी ८०-९० असते, इन्सुलिन तेच आहे. फक्त पहाटे घामानं अंग भिजतं आणि बरळल्यासारखं बोलतात. आईची बिड्या वळून पाठ-मान धरते, तिच्या दुखण्याच्या गोळीनं वडिलांच्या गुडघ्यालाही आराम पडतो. – एक मुलगा, निपाणी

उत्तर : हे पत्र मी वाचलं आणि बाकीची बाजूला ठेवली. बाबा, ही चांगली गोष्ट नाही. इन्सुलिन शरीरातनं बाहेर काढायचं बरंचसं काम किडनी करते, ती दमली की तेच इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं, म्हणून शुगर खाली आलीय. पहाटेचा घाम आणि बरळणं म्हणजे शुगर फार उतरतेय. आजच डॉक्टरांना फोन करून इन्सुलिनचा डोस आणि शुगरच्या सगळ्या गोळ्या, विशेषतः मेटफॉर्मिन चालू असेल तर ती, परत बघून घ्या, कारण या स्टेजला काही गोळ्या बंद कराव्या लागतात. स्वतःच्या मनानं सगळं बंदही करू नका.

तोपर्यंत उशाशी साखरेचा डबा ठेवा. घाम आला, थरथर सुटली की ग्लुकोमीटरवर बघा आणि ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर अर्ध्या कपभर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. मोसंबीचा रस किंवा शहाळं देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं, साधी साखरच बरी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, गाडी काढायची.

आता ती गोळी. मेडिकलातनं 'अंगदुखीची' म्हणून मिळणारी गोळी बहुतेक डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक असल्यातली असते, आणि उरलीसुरली किडनी मारायला याच्याइतकं स्वस्त औषध दुसरं नाही. गुडघ्याला शेक द्या, लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. काढे आणि भस्मं यांच्याही बाबतीत मी कडक आहे, कुणी कितीही सांगू दे की अमक्याची क्रिएटिनिन (किडनी दमली की रक्तात वाढते ती) उतरली. आणि आईलाही बीपी आणि क्रिएटिनिन तपासायला लावा, रोज गोळी खाऊन बिड्या वळणाऱ्या बायकांची किडनी कुणी बघत नाही, नवऱ्याची फाईल जाड होते आणि बायकोची फाईलच नसते.

प्रश्न : माझा नवरा ४१ वर्षांचा, पॉवरलूमवर होता. आठ महिने डायलिसिस. आधी गप्पिष्ट माणूस, आता घरात बोलत नाही. रात्रभर अंग खाजवतो, रक्त येईपर्यंत. हॉस्पिटलात सिस्टर लोक कानडी बोलतात, याला कानडी धड येत नाही म्हणून पायात गोळे आले तरी सांगत नाही, दात खाऊन पडून राहतो. हातावर फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शिरा जोडून दिल्यात, त्याला हात लावू देत नाही. आणि नवरा-बायको म्हणून काही राहिलं नाही, हे कुणाला विचारायचं ते कळत नाही म्हणून तुम्हाला लिहिते. – वडगाव, बेळगाव

उत्तर : बरं केलंत लिहिलंत.

खाजेपासून सुरू करते कारण ज्याची झोप गेली त्याचं मन कुठनं ताळ्यावर राहणार. ही खाज त्वचेची नसते, आतनं असते, रक्तात फॉस्फरस वाढला, डायलिसिस पुरेसं झालं नाही, कातडी कोरडी पडली, अशी तीन-चार कारणं एकत्र येतात. डॉक्टरांनी फॉस्फरस बांधायची गोळी दिली असेलच, ती कधी घेतो ते बघा. दहातले निम्मे पेशंट ती उपाशीपोटी घेतात, मी तरी असंच बघितलं, आणि उपाशीपोटी तिचा उपयोग शून्य, कारण ती अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते, म्हणून ती घासाबरोबरच हवी. कोल्ड्रिंक बंद, दूध-पनीर बेताचं. आणि ते बंबातलं कढत पाणी अंगावर घ्यायचं बंद करा, आपल्या बेळगावच्या थंडी-पावसात ती चैन वाटते पण कातडी अजून सुकते. कोमट पाणी, साबण थोडाच, अंग टिपलं की ओलसर असतानाच खोबरेल तेल. नखं बारीक कापून टाका. एवढं करूनही राहिलं तर डॉक्टरांकडं झोपेच्या वेळची वेगळी गोळी असते, मागून घ्या, खाज ही सहन करायची गोष्ट नाही.

भाषेचं. आपल्याकडची सिस्टर कानडी, कधी मल्याळी, पेशंट मराठी, आणि मधे मशीन. ती सिस्टर वाईट नसते, एका वेळी चार-पाच मशीन बघत असते आणि जो ओरडत नाही तो बरा आहे असं धरून चालते. म्हणून नवऱ्याला चार शब्द पाठ करून द्या. दुखतंय म्हणजे 'नोवु', चक्कर म्हणजे 'तले सुत्तु', थंडी वाजतेय म्हणजे 'चळि', श्वास म्हणजे 'उसिरु'. छातीवर हात ठेवून 'उसिरु' म्हटलं की कुठलीही सिस्टर धावत येईल. आणि एक वाक्य, 'ई कैगे सूजि बेड', या हाताला सुई नको. हे कागदावर लिहून खिशात ठेवा, दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात नेलं तर कामाला येतं, कारण फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा, रक्त काढायची सुई, सलाईन, काहीच लावू द्यायचं नाही. गोळे आले किंवा गरगरलं की लगेच सांगायचं, सांगितलं की मशीनचं ओढणं कमी करता येतं, थोडं सलाईन सोडता येतं, दात खाऊन पडायचं काही कारणच नाही.

आता तो हात. तुमचा नवरा माग चालवणारा आहे ना, मग त्याला सांगा की चालत्या मागाच्या लाकडावर तळवा ठेवला की जशी थरथर लागते तशी फिस्टुलावर लागायला पाहिजे, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, रोज. आमचा माग चालू आहे की नाही ते बघायचं, एवढंच. थरथर थांबली असं वाटलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्या नाही, रक्त गोठून फिस्टुला बंद पडतो आणि लवकर गेलं तर वाचवता येतो. लाल झालं, गरम लागलं, पू दिसला, थंडी-ताप आला, तरी तेच. त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही, घट्ट कडं-घड्याळ नाही, त्या हातानं सुताची जड बिमं उचलायची नाहीत. घरी येऊन सुईच्या जागेतनं रक्त आलं तर स्वच्छ कापड ठेवून बोटानं दहा मिनिटं दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका, थांबलं नाही तर दाबलेलंच ठेवून निघा. पहिल्यांदा तो हात लावू देणार नाही. तुम्ही नुसतं विचारा, आज माग चालू आहे का? कधीतरी तो हात पुढं करेल.

गप्प बसण्याचं मला जास्त वाटतं. एक्केचाळिसाव्या वर्षी कमाई गेली, मुलांसमोर अंथरुणावर पडून राहायचं, दर दुसऱ्या दिवशी सुया. हे नुसतं टेन्शन नसतं, डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहेत, किडनीला चालतील अशी औषधं आहेत. जेवण सोडलं, 'मी गेलेलो बरा' असं बोलायला लागला, डायलिसिसला येत नाही म्हणाला, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि त्याला एकटं सोडू नका. रात्रीबेरात्री बोलायला कुणी पाहिजे असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६. आणि हिमोग्लोबिन किती आहे विचारा, ते ७-८ वरच अडकलं असेल तर कुठल्याही माणसाला उठवत नाही, त्याला इंजेक्शन आणि लोह असतं, ते वेळेवर मिळतंय का बघा. डायलिसिस नसलेल्या दिवशी त्याला कुठंतरी पाठवा, भजनाला म्हणा, जुन्या मालकाकडं तास-दोन तास बसून कांडीचा हिशोब लिहायला म्हणा. हलकं काम करता येतं की, फक्त कुणी बोलवत नाही.

आणि शेवटचं जे विचारलंत, ते सगळ्यांचंच असतं आणि कुणीच विचारत नाही. रक्त कमी, हार्मोनची गडबड, बीपीच्या गोळ्या, थकवा, या सगळ्याचा तो परिणाम आहे, तुमच्यावरचं मन उडालंय असं नाही. डॉक्टरांना विचारा, लाज वाटत असेल तर सिस्टरला विचारा, आम्हाला सवय असते. बाजारातली कुठलीही गोळी आपल्या मनानं द्यायची नाही, हृदयाच्या औषधाबरोबर ती जिवावर बेतू शकते. तोपर्यंत एका अंथरुणावर झोपणं तरी सोडू नका, लागण होणारा आजार नाही हा.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात जंगलाच्या बाजूला राहतो. जुलैमधे एकदा रस्त्यावर पाणी आलं आणि बाबांचं डायलिसिस दोन दिवस लांबलं. परत असं झालं तर? – एक मुलगी

उत्तर : तुमच्याकडं मलप्रभा चढते, निपाणी-चिकोडीकडं दूधगंगा-वेदगंगा आणि कृष्णा, २०१९ च्या ऑगस्टमधे तर पुलावरनं पाणी गेलं होतं, त्यामुळं हा प्रश्न दरवर्षीचा आहे. पावसाचा जोर दिसला की वाट बघू नका, एक दिवस आधीच बेळगावात पाहुण्यांकडं येऊन राहा. फाईलची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), शेवटचे हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, रक्त गोठू नये म्हणूनचं हिपॅरिन किती देतात ते, म्हणजे दुसऱ्या सेंटरवर घेताना अडत नाही. अडकलातच तर पाणी नेहमीच्या निम्म्यावर आणा, मीठ जवळजवळ बंद, फळं आणि फळांचे रस पूर्ण बंद, डाळ-मटण कमी, भात, साखर, तेल-तूप यांच्यावर दिवस काढायचे. पोटॅशियम उतरवायची पावडर असते, ती पावसाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून घरात ठेवा. हातापायात एकदम अशक्तपणा, छातीत धडधड, दम, यातलं काही झालं तर १०८ ला फोन.

आणि डॉक्टरांना पोटातल्या डायलिसिसचं विचारा. पोटात एक मऊ नळी बसवतात, साधारण दोन लिटर औषधी पाण्याची पिशवी तिच्यातनं आत सोडायची, चार-पाच तासांनी काढून नवी सोडायची, असं दिवसाला तीन-चारदा, घरीच, मशीन नाही की प्रवास नाही. अट एकच, हात धुण्यात आळस चालत नाही. बाहेर आलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसलं की पोटात इन्फेक्शन, त्याच दिवशी पळायचं. घरात एक कोपरा स्वच्छ ठेवता येत असेल, आणि तुमच्यासारखी शिकलेली मुलगी असेल, तर लांबच्या गावाला हे बरं पडतं असं माझं मत.

प्रश्न : काय खायचं याची यादी द्या. रताळी, शहाळं, नाचणीची आंबील, कुंदा, यातलं काय चालतं? – उचगाव

उत्तर : यादी देत नाही, कारण रक्तात पोटॅशियम ४ असलेल्याची यादी वेगळी आणि ६ असलेल्याची वेगळी, तुमच्या रिपोर्टवरनं आहारतज्ज्ञ ठरवतील. पण विचारलंय तेवढं सांगते. शहाळं नको. रताळी-बटाटे आपल्या भागात ढिगानं पिकतात आणि दोन्हीत पोटॅशियम भरपूर, खायचेच झाले तर साल काढून बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचे आणि पाणी ओतून द्यायचं, बरंचसं पोटॅशियम पाण्यात निघून जातं. भाजलेलं रताळं मात्र नाही. आंबील ताकदीची म्हणून वाटीवर वाटी पाजतात, ती बंद करा, शेवटी ते पाणीच. कुंदा दुधाचा आटवून केलेला, म्हणजे फॉस्फरस आटवलेला, बोटभर चाखायला कुणाची ना नाही. कर्मर, ते पाच धारांचं फळ, आडवं कापलं की चांदणी दिसते, ते किडनीच्या पेशंटनं फोडभरसुद्धा खायचं नाही, त्यातलं विष मेंदूवर जातं, न थांबणाऱ्या उचक्या, फिट, माणूस दगावतो.

आणि एक चूक घरोघरी होते. डायलिसिसच्या आधी डॉक्टरांनी डाळ-अंडी-मटण कमी करा सांगितलेलं असतं, डायलिसिस सुरू झालं तरी लोक तेच पाळत बसतात आणि पेशंटचे दंड काठीसारखे होतात. डायलिसिस चालू झालं की प्रोटीन वाढवायचं असतं, किलोमागं साधारण १ ते १.२ ग्रॅम, अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोयीचा.

प्रश्न : पैशाचं कसं करायचं? महाराष्ट्राची योजना आम्हाला लागू होते काय? – चिकोडी तालुका

उत्तर : कर्नाटकात सरकारी जिल्हा आणि तालुका हॉस्पिटलात डायलिसिस फुकट आहे, केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही २०१६ पासून आहे. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान-आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना द्यायचं ठरवलं, त्यावरनं दोन्हीकडं बरंच तापलं, मला त्यात पडायचं नाही, पण कोल्हापूर-गडहिंग्लजकडं जाणार असाल तर आधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, कागद दाखवून विचारा आणि मगच अ‍ॅडमिट व्हा.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला ट्रान्सप्लांट सांगितलंय. सासरचे सगळे माझ्याकडं बघतात. नणंदेचा रक्तगट जुळतो पण तिला लहान मुलं आहेत म्हणतात. मला पण आहेत. नाही म्हटलं तर मी वाईट. – नाव-गाव नको

उत्तर : देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे मी वॉर्डात रोज बघितलंय, तेव्हा तुमचं बोलणं मला नवीन नाही. १९९४ च्या अवयवदान कायद्यात बायको जवळच्या नातेवाईकांत धरली जाते, म्हणजे तुम्ही देऊ शकता, द्यायलाच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा की मला एकटीला बोलायचंय, सासूबाई बाहेर. तुमची संमती मनापासूनची आहे का हे बघणं त्यांचं कामच आहे, आणि ऑपरेशन टेबलवर जाईपर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. चांगली टीम असेल तर बाहेर एवढंच सांगते की या डोनर म्हणून योग्य नाहीत, कारण सांगत नाही. द्यायचं ठरवलंत तर एका किडनीवर माणूस नीट जगतो, पण जन्मभर बीपी, लघवी, क्रिएटिनिन वर्षाला तपासायचं, आणि ऑपरेशननंतर तीन महिने हंडे-घागरी कोण उचलणार ते आधी ठरवून घ्या, लिहून घेतलं तरी चालेल. मृत दात्याच्या यादीत नाव घालायचं असेल तर कर्नाटकात ते काम 'जीवसार्थकते' बघते, हॉस्पिटलच नोंदवतं, दोन्ही वाटा एकावेळी चालू ठेवता येतात.

प्रश्न : आज्जी ८२ वर्षांची. क्रिएटिनिन ६ च्या पुढं. डायलिसिसला स्पष्ट नाही म्हणते. काका म्हणतात बांधून नेऊया. तिची एकच इच्छा, एकदा सौंदत्तीला यल्लम्माला जायचंय. न्यायची का? – एक नात, बैलहोंगल

उत्तर : बांधून कुणी न्यायचं नाही, काकांना सांगा अक्कानं सांगितलंय. आज्जी शुद्धीत आहे, तिला कळतंय, तर निर्णय तिचा. एवढ्या वयात, त्यात हृदय किंवा बाकी आजार असतील तर, डायलिसिसनं आयुष्य फार वाढतंच असं नाही, आणि वाढलेलं हॉस्पिटलच्या वाऱ्यांत जातं. पण डायलिसिस नको म्हणजे उपचार नकोत असं नाही हं, इथंच घरं चुकतात, फाईल गुंडाळून माळ्यावर टाकतात. डॉक्टरांना सांगायचं की आम्ही डायलिसिस करणार नाही, पण तिला त्रास होऊ द्यायचा नाही. मग सूज आणि दमासाठी पाणी काढायच्या गोळ्या, मळमळीचं औषध, रक्त वाढवायचं इंजेक्शन, खाजेचं, दुखण्याचं औषध, सगळं असतं. घरात तुम्ही करायचं ते असं, पाठीमागं दोन-तीन उशा देऊन तिरकं बसवा, पंख्याचा वारा तोंडावर, दम कमी वाटतो. तोंडाला कडू-लोखंडासारखी चव येते म्हणून जेवत नाही, तेव्हा जेवणाआधी चूळ भरायला द्या, ओठाला तूप, मटणाच्या वासानं मळमळत असेल तर गारच दहीभात दोन घास. कूस दर दोन तासांनी बदला. पुढं कधीतरी झोप वाढेल, लघवी कमी होईल, त्यावेळी कुणी बसायचं, हॉस्पिटलला न्यायचं की नाही, हे आताच तिच्यासमोर बोलून घ्या, तिलाच विचारा.

सौंदत्तीला न्या की. पौर्णिमेच्या यात्रेत नको, त्या गर्दीत धडधाकट माणूस दमतो. मधल्या एखाद्या दिवशी, स्वतःची गाडी, सकाळी लवकर, बैलहोंगलहून काही लांब नाही. दर तासाला गाडी थांबवून पाय हलवायला लावा, गोळ्या आणि जुना रिपोर्ट बरोबर, व्हीलचेअर मिळाली तर भाड्यानं घ्या, प्लास्टिकची खुर्ची घेतली तरी दोघं उचलून नेतील. भंडारा कपाळाला लावू दे. नैवेद्याची होळगी, म्हणजे पुरणपोळी, केलीत तर अर्धी तिला द्या, वर तूप घालून, त्या दिवशी डाळ-बिळ मोजत बसू नका.